आधी ड्युटी लिस्ट बदला : खानदेशातील रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक, तसेच कर्करोगावर उपचार करणाऱ्या खासगी व धर्मादाय रुग्णालयांचे व्यवस्थापक,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे.

विषय : कर्करुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या थकव्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रे, म्हणजे दिवसात उपचार घेऊन घरी जाता येईल अशी केंद्रे, उभारण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ या वर्षातच सुरू करण्याची घोषणा केंद्रीय अर्थसंकल्पात झाली, तेव्हा आमच्यापैकी अनेकींना मनापासून आनंद झाला. केमोच्या (कर्करोगावरील औषधोपचाराच्या) प्रत्येक सायकलसाठी, म्हणजे दर फेरीसाठी, जळगाव किंवा भुसावळहून रात्रीची गाडी पकडून सव्वाचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाणारी, परळच्या फुटपाथवर नाहीतर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करणारी आणि दर खेपेला आठवड्याची मजुरी बुडवणारी कुटुंबे आम्ही जवळून पाहिली आहेत. उपचार घराजवळ येत असतील तर त्याहून चांगले काय? मात्र या केंद्रांविषयी जे बोलले आणि लिहिले जाते त्यात खुर्च्या, खाटा, औषधे, यंत्रे आणि डॉक्टरांची पदे यांचाच हिशेब असतो. ती केमो प्रत्यक्ष कोण लावणार, ती माणसे आज कोणत्या अवस्थेत आहेत आणि या कामात किती दिवस टिकतील, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी जळगाव जिल्ह्यातील एका रुग्णालयात कर्करोग विभागात परिचारिका आहे. नोकरीची बरीचशी वर्षे याच विभागात गेली. रुग्णालयाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण गाऱ्हाणे एका रुग्णालयापुरते नाही. धुळे, शिरपूर, चाळीसगाव, नंदुरबार येथील मैत्रिणींशी आणि ब्रदर मंडळींशी बोलणे होते तेव्हा जो तो तेच सांगतो, फक्त वॉर्डाचे नाव बदलते. माझे म्हणणे एवढेच आहे की हा थकवा परिचारिकेच्या स्वभावातून येत नाही, तो ड्युटी लिस्टमधून येतो, आणि ती लिस्ट आपल्या सहीने निघते.

हे केवळ माझे मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे, रोग म्हणून केलेली नाही, आणि त्याचे कारणही तिथेच दिले आहे : कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी सहकारी संशोधिकेबरोबर १९८१ मध्ये हा थकवा मोजण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : मन रिते होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही भले होत नाही असे वाटू लागणे.

वॉर्डात या तीन गोष्टी कशा दिसतात ते सांगते. नवीन लागलेली मुलगी पहिल्या महिन्यात सकाळची ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देताना, म्हणते, “पाचोऱ्याच्या काकूंना रात्री दोनदा उलटी झाली, त्यांची सून फार घाबरली होती, तिला समजावलं.” वर्ष-दीड वर्षाने तीच मुलगी म्हणते, “नऊ नंबर, व्हॉमिटिंग दोनदा, इंजेक्शन दिलं.” तिला काकूंचे नाव ठाऊक नसते असे नाही. नाव घेतले की काकू तिच्याबरोबर घरी येतात, जेवताना समोर बसतात, म्हणून ती नाव घेत नाही. आणखी काही महिन्यांनी नातेवाईक तक्रार करतात की सिस्टर नीट बोलत नाहीत. तिला मेमो मिळतो, वागणूक सुधारण्याची समज दिली जाते. त्यानंतर कधीतरी तिचा राजीनामा येतो आणि आपल्या कार्यालयात त्याचे कारण ‘घरगुती अडचण’ असे नोंदवले जाते. जे मास्लाकबाईंच्या प्रश्नावलीत एकामागून एक लिहिलेले आहे, ते आमच्या डोळ्यांदेखत घडत असते आणि शेवटी त्याचा ठपका त्या मुलीवर ठेवला जातो.

आता कामाविषयी. केमो म्हणजे सलाइन लावण्यासारखेच काहीतरी, असे बाहेरच्याला वाटते, आणि क्षमा असावी, पण ड्युटी लिस्ट पाहिली की व्यवस्थापनालाही तसेच वाटत असावे असे दिसते. तिसऱ्या-चौथ्या सायकलनंतर रुग्णाच्या शिरा कडक होतात, आत बसतात. एक शीर सापडायला कधी वीस मिनिटे जातात आणि तेवढा वेळ रुग्णाची नजर आमच्या चेहऱ्यावर असते. डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात, ते शिरेबाहेर झिरपले तर तिथली कातडी आणि खालचे मांस सडू शकते, म्हणून ते पूर्ण जाईपर्यंत तिथून हलता येत नाही. पॅक्लिटॅक्सेल सुरू केले की पहिली दहा-पंधरा मिनिटे खाटेजवळच उभे राहावे लागते, कारण जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन बहुधा तेव्हाच येते. सिस्प्लॅटिन असेल तर किडनी सांभाळण्यासाठी आत किती पाणी गेले आणि लघवी किती झाली याचा सतत हिशेब ठेवावा लागतो. केमोनंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी खाली जातात, आणि त्या दिवसांत आलेला साधा ताप काही तासांत माणूस नेऊ शकतो. तो ताप पहिल्यांदा कळतो तो परिचारिकेच्या हाताला.

ही सगळी कामे एका वेळी वेगवेगळ्या खाटांवर चालू असतात. आमच्याकडे रात्री तीस खाटांना दोघीजणी असतात, आणि एखादी रजेवर गेली तर दुसऱ्या वॉर्डातून जी मिळेल ती पाठवली जाते. तिने केमो कधी लावलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात एकीवरच सारे येते. याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी लागणाऱ्या नोंदी, फाइलचे फोटो, औषधांची रिकामी वेष्टने जपून ठेवणे आणि तपासणीसाठी भरायची रजिस्टरे आहेतच. योजनेबद्दल माझी तक्रार नाही. ती नसती तर खानदेशातील निम्मे रुग्ण केमोच्या खुर्चीपर्यंत आलेच नसते असे मला वाटते. पण तो कागद भरण्यासाठी वेगळा माणूस हवा. रुग्णाच्या खाटेवरून उचलून आणलेल्या वेळात तो भरला जाऊ नये.

आपल्या भागात तोंडाचा कर्करोग किती आहे हे आपण जाणताच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. आमच्या वॉर्डात आलेल्या तिशी-पस्तिशीतल्या मुलांच्या जबड्यांकडे पाहून ती बंदी किती लागली हे कळते. या रुग्णांचे ड्रेसिंग हे माझ्या मते साऱ्या वॉर्डातले सर्वांत अवघड काम आहे. गालाला आरपार भोक पडलेले असते, वास दारापर्यंत येतो, कधी जखमेत अळ्या झालेल्या असतात. टर्पेंटाइनचा बोळा धरून त्या वर येईपर्यंत थांबायचे, एकेक चिमट्याने काढायची, जखम सलाइनने धुवायची, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड करून भुरभुरायची म्हणजे वास कमी होतो, आणि हे सर्व करताना चेहऱ्यावर काहीही उमटू द्यायचे नाही, कारण तो तरुण माणूस आरशाऐवजी आपल्या चेहऱ्यात स्वतःला पाहत असतो. घरची माणसेही त्याच्याकडे पाहायचे टाळू लागलेली असतात. या एका ड्रेसिंगला पाऊण तास लागतो. तो आमच्या कामाच्या हिशेबात ‘ड्रेसिंग : १’ असा मोजला जातो.

त्याच रुग्णाला गळ्यात नळी असेल तर बोलता येत नाही. लिहिता येत असेल तर पाटी देतो. पण अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या पावरा किंवा भिल्ल माणसाला पाटीचा काय उपयोग? मग खुणांची भाषा, मग सोबत आलेल्या भावाची मोडकी मराठी. येथे एका अशा ड्युटीचा उल्लेख करते जी कोणत्याही लिस्टमध्ये नसते. ज्या परिचारिकेला अहिराणी, पावरी किंवा भिली येते तिला साऱ्या रुग्णालयातून बोलावणे येते : डॉक्टरांनी सांगितलेले समजावून दे, आता उपचार उरला नाही हे घरच्यांना सांग, सही कशासाठी घेतोय ते सांग. रुग्णाला घरच्या बोलीत ऐकायला मिळाले की तो सावरतो, यात शंका नाही, आणि आम्ही ते आनंदाने करतो. परंतु वाईट बातमी सांगण्याचे काम रोज एकाच मुलीच्या वाट्याला येत असेल, आणि त्या वेळात तिच्या वाट्याच्या खाटा कोणी पाहत नसेल, तर ती किती दिवस तग धरेल याचा विचार कोणी करायचा?

एक ओझे असे आहे ज्याविषयी आपण रुग्णालयांत उघडपणे कधी बोलत नाही. आपल्याकडे बहुतेक घरे रुग्णाला आजाराचे नाव सांगू देत नाहीत. मुलगा डॉक्टरांच्या केबिनबाहेर गाठतो आणि हात जोडतो : “सिस्टर, बाबांना फक्त गाठ आहे असंच सांगा. कळलं तर ते धीर सोडतील.” त्यामागचे प्रेम मला समजते, म्हणून मी त्या मुलाला दोष देणार नाही. पण दिवसा मुलगा, सून, डॉक्टर सारे असतात तेव्हा बाबा काहीच विचारत नाहीत. ते पहाटे तीनला विचारतात, वॉर्डात फक्त परिचारिका असते तेव्हा. “पोरी, खरं सांग, मला काय झालंय?” केस गळालेले आहेत, शेजारच्या खाटेवरचा माणूस परवा गेला आहे, त्यांना सारे कळलेले आहे, त्यांना फक्त कोणीतरी त्यांच्याशी खरे बोलायला हवे आहे. खरे सांगितले तर सकाळी घरचे भांडायला येतील आणि व्यवस्थापन त्यांचीच बाजू घेईल. खोटे सांगितले तर त्या माणसाच्या डोळ्यांना डोळे देऊन पुढची रात्र काढायची असते. हे प्रत्येक रात्री, वेगवेगळ्या खाटांवर. रुग्णाला काय, किती आणि कोणी सांगायचे याचा निर्णय दाखल होतानाच डॉक्टर, कुटुंब आणि परिचारिका यांनी एकत्र बसून घेतला आणि तो फाइलवर लिहिला गेला, तर यातला निम्मा भार उतरेल. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

कर्करोगाच्या वॉर्डात रोज मृत्यू पाहावा लागतो म्हणून परिचारिका खचतात, असे समजले जाते. मला ते पुरते पटत नाही. मृत्यू पाहण्याची तयारी ठेवूनच आम्ही या विभागात राहतो, आणि ज्या रुग्णाचे शेवटचे दिवस वेदनेशिवाय, घरच्यांच्या सोबतीत गेले त्याच्या मृत्यूने वाईट वाटते, पण माणूस मोडत नाही. मोडते ते वेगळ्या गोष्टीने. काय करायला हवे हे ठाऊक असते, हातात ते कौशल्य असते, आणि तरीही ते करता येत नाही. माझ्या एका सहकारी मुलीच्या नाइटला अमळनेरकडच्या एक आजी शेवटच्या घटका मोजत होत्या. “माले घर जानं शे,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि हिने जवळ बसावे अशी त्यांची इच्छा होती. ओठ ओले करणे, कूस बदलणे, हात धरून बसणे, मॉर्फिनची वेळ चुकू न देणे, एवढेच करायचे होते. पण पलीकडे एकाला थंडी वाजून ताप भरला होता, दोन केमो चालू होत्या, आणि मॉर्फिन कपाटातून काढायचे तर रजिस्टरवर दोघींच्या सह्या लागतात, दुसरी मात्र खालून रक्ताची पिशवी आणायला गेली होती. आजी गेल्या तेव्हा ही दुसऱ्या खाटेवर होती. हिची चूक काहीच नव्हती. तरी ती आठवडाभर नीट जेवली नाही आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी राहिली नाही. अशा अवस्थेला अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच नाव दिले, नैतिक क्लेश. योग्य ते कळूनही व्यवस्थेमुळे करता न आल्याने होणारा क्लेश. समुपदेशनाने तो हलका होईल, पण त्या रात्री तिसरी परिचारिका असती तर तो झालाच नसता.

आजी गेल्यानंतरचेही सांगते. नळ्या काढायच्या, अंग पुसायचे, हनुवटी बांधायची, कागद पुरे करायचे, गावी न्यायच्या गाडीची वाट पाहणाऱ्या घरच्यांना धीर द्यायचा, आणि तासाभरात तीच खाट नव्या चादरीसह पुढच्या रुग्णाला द्यायची. नवा रुग्ण हसऱ्या सिस्टरची अपेक्षा करतो, आणि त्याचे चुकतही नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील एका परिचारकाने अशा वेळी सर्वांनी एक मिनिट खाटेभोवती शांत उभे राहण्याची पद्धत सुरू केली, ती पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडे ती करायला हरकत नाही, पण मी त्याहून साधे काही मागते : मृत्यूनंतर त्या परिचारिकेला पंधरा मिनिटे वॉर्डाबाहेर जाता यावे, तोंड धुवावे, चहा घ्यावा, रडायचे असेल तर रडावे, आणि त्या वेळात तिच्या खाटा पाहायला कोणीतरी असावे.

आता आकड्यांकडे येते, कारण बैठकीत भावना चालत नाहीत हे मला माहीत आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जास्तीची पदे हवीत. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून रुग्णांमागे परिचारिकांचे किमान प्रमाण सक्तीचे केले. तीस खाटांना दोघी हे यांतील कोणत्याच मापात बसत नाही. अमेरिकी संशोधिका लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये जे मांडले ते तर प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या टेबलावर लावून ठेवावे : एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि परिचारिकेला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. म्हणजे आमचा थकवा आणि आपल्या रुग्णांचा जीव एकाच कारणाला बांधलेले आहेत.

पगाराविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सुचवले की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. खानदेशातल्या किती रुग्णालयांत ते पाळले जाते, हे आपल्या लेखा विभागाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मुलींची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊन त्यांना अडकवण्याची पद्धत तर तत्काळ थांबवावी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आमच्या वॉर्डातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत जर्मन शब्द पाठ करतात. प्रमाणपत्र कपाटात ठेवून कोणी थांबत नाही.

सुरक्षेबाबतही असेच. केमोची औषधे कर्करोगाच्या पेशी मारतात आणि हाताळणाऱ्याच्या शरीरातही जाऊ शकतात. ती सेफ्टी कॅबिनेटमध्ये, दुहेरी हातमोजे आणि गाऊन घालूनच मिसळायची असतात, आणि केमोनंतर दोन दिवस रुग्णाची लघवी-उलटीही तेवढ्याच काळजीने उचलायची असते, जे काम आमच्या वॉर्डातल्या सफाई करणाऱ्या मावशी करतात आणि त्यांना कोणी हे सांगितलेलेही नसते. उघड्या टेबलावर, पंख्याखाली औषध मिसळायला लावणारी ठिकाणे आजही आहेत. गर्भवती परिचारिकेला या कामातून वगळण्यासाठी तिला विनवण्या कराव्या लागू नयेत. रात्रपाळीचेही लक्षात घ्यावे : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘माणसात बहुधा कर्करोगास कारणीभूत’ या गटात ठेवले आहे. कर्करोगाच्या वॉर्डात सलग नाइट करणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटते, ते मी निराळे लिहीत नाही.

या सर्वांवर आजवर जे उपाय झाले ते चांगल्या हेतूने झाले, हे मी मान्य करते. १२ मे रोजी परिचारिका दिनाला फुले मिळतात, ताणमुक्तीवर व्याख्यान होते, सभागृहात प्राणायाम होतो. पण हे सगळे नाइट उतरलेल्या परिचारिकेला थांबवून होते. भुसावळच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत जिला दिवसाची झोप मिळत नाही, तिच्या सकाळच्या दोन तासांची किंमत व्याख्यानापेक्षा जास्त आहे. सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा २०२२ पासून आहे, तिचा नंबर वॉर्डात लावावा, गरज पडली तर फोन करण्यात कमीपणा मानू नये असे मी नव्या मुलींना सांगते. मात्र फोन ठेवल्यावर तिला त्याच तीस खाटांकडे परत जायचे असते.

मागण्या फार नाहीत. कर्करोग विभागातली परिचारिकांची संख्या खाटांवर न ठरवता त्या पाळीत किती केमो चालू आहेत, किती मोठी ड्रेसिंग आहेत आणि किती रुग्ण शेवटच्या अवस्थेत आहेत यावर ठरावी, आणि ती ठरवताना इन्चार्ज सिस्टरचे म्हणणे अंतिम मानावे. रात्री कोणत्याही परिस्थितीत केमोचे प्रशिक्षण झालेल्या दोघी असाव्यात, तिसरी मदतीला असावी. या विभागात येणे आणि येथून बदलून जाणे परिचारिकेच्या संमतीने व्हावे. आज कर्करोग वॉर्ड ही शिक्षेची बदली समजली जाते, आणि जिला येथे मनापासून राहायचे आहे तिला मध्येच उचलून कॅज्युअल्टीत टाकले जाते. वर्षातून दोन-तीन महिने हलक्या विभागात काम मिळाले तर अनेकजणी पुन्हा उभारी धरून परत येतील. ऑन्कोलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. दरवर्षी निदान एकीला पगारी रजेवर त्यासाठी पाठवावे आणि ती परत आल्यावर तिला केमोच्या कामावरच ठेवावे, लसीकरणाच्या शिबिराला नव्हे.

आणखी एक मागणी, जी मला व्यक्तिशः सर्वांत महत्त्वाची वाटते. आठवड्यातून अर्धा तास, ड्युटीच्या वेळेतच, विभागातल्या साऱ्यांनी एकत्र बसून त्या आठवड्यातल्या रुग्णांविषयी बोलावे. डॉक्टर असावेत, मावशी-मामाही असावेत, पण कोणाचे मूल्यमापन त्यात नसावे आणि मेमो देणारे कोणी नसावे. केनेथ श्वार्ट्झ नावाचे एक वकील १९९५ मध्ये बोस्टन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. आपल्याला उपचारांइतकाच आधार परिचारिका व डॉक्टरांच्या लहानसहान मायेने दिला, असे त्यांनी जाण्यापूर्वी लिहिले होते, आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेने अशा बैठका सुरू केल्या, ज्या आज अनेक देशांतील रुग्णालयांत होतात. आमच्याकडे असे बोलणे होतेच, पण ते कपडे बदलायच्या खोलीत, बस चुकेल या घाईत, अर्धवट. त्याला अर्ध्या तासाची अधिकृत जागा द्यावी एवढीच विनंती आहे.

आपल्याही अडचणी आहेत हे मी जाणते. शासकीय रुग्णालयांत मंजूर पदे भरणे अधिष्ठातांच्या हातात नसते, कंत्राटी नेमणुकांचे आदेश वरून येतात, आणि योजनेच्या दरात खासगी रुग्णालयांचा खर्च भागत नाही असे व्यवस्थापक सांगतात ते खोटे नसेल. परंतु रिक्त पदांची मागणी वर पाठवताना ‘कामाचा ताण आहे’ एवढे न लिहिता, कोणत्या रात्री किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या आणि त्या रात्री कोणते काम राहिले, हे लिहून पाठवणे आपल्या हातात आहे. अशी नोंद आम्ही रोज ठेवायला तयार आहोत. ती ठेवल्याबद्दल आमच्यावर कारवाई होणार नाही, एवढे लेखी आश्वासन मात्र हवे.

पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट साधारणपणे चालू महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तयार होते. ती निघण्यापूर्वी प्रत्येक रुग्णालयाने आपल्या कर्करोग विभागातील परिचारिकांची एक बैठक घ्यावी, तिला कंत्राटी परिचारिकांनाही बोलवावे, आणि ती सकाळी नऊला न ठेवता दुपारी साडेचारला ठेवावी, म्हणजे नाइट करून गेलेल्या मुली झोप काढून येऊ शकतील. त्यांनी काय सांगितले आणि त्यातले काय मान्य झाले हे इतिवृत्तात लिहून वॉर्डाच्या फलकावर लावावे.

आपली विश्वासू,
कर्करोग विभागातील एक परिचारिका,
जळगाव जिल्हा